व्याजापोटी उपास

"तोंड उघड."

मी उघडलं नाही. तेव्हा बाईसाहेबांच्या नणंदेनं माझी हनुवटी धरली, गालात बोटं रुतवली आणि माझं तोंड उघडलं. बाजारात म्हशीचे दात बघतात तसं. नाक जवळ आणून तिनं हुंगलं.

"कांद्याचा वास तर न्हाई येत, वैनी."

"चूळ भरली असंल. जीभ बघ. जिभेवर कळतंय."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी सोपा भरला होता. मी सगळ्यांसमोर जीभ बाहेर काढून उभी. दोन लेकरांची आई. एक बाई पदराआड हसली. बाकीच्यांनी मान खाली घातली. त्या खाली गेलेल्या माना मला हसण्यापेक्षा जास्त लागल्या.

माझा गुन्हा असा. बाईसाहेब आदल्याच दिवशी मिरजेहून आल्या होत्या. तिथं डॉक्टरनं त्यांना काट्यावर उभं केलं. वजन उतरायच्या ऐवजी वाढलेलं निघालं. म्हणजे मी चोरून खात होते.

हे कसं, ते सांगते.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. माझे मालक कऱ्हाडला स्टेशन ते गाव टांगा हाकायचे. एका पावसाळ्यात टांगा उलटला, त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. मिरजेच्या दवाखान्यात ते महिनोन्‌महिने पडून होते. त्या खर्चासाठी अण्णासाहेबांकडून पैसे घेतले. अण्णासाहेब म्हणजे नदीकाठचे मोठे बागाईतदार. ऊस, गुऱ्हाळ, दोन मजली घर. बाईसाहेब त्यांच्या पत्नी. मालक काठी टेकत घरी आले. घोडा खाऊन उभा, टांगा दारात. भाड्यानं हाकायला दिला तर चौथाई पैसे हातात यायचे. रेशनचं धान्य पुरायचं नाही. व्याज चढत गेलं.

बाईसाहेबांना दम लागायचा, गुडघे धरायचे. डॉक्टरनं त्यांना सांगितलं, वजन कमी करा. तूप सोडा, आठवड्यातून दोन दिवस उपाशी राहा, रोज जात्यावर बसा. घरी येऊन त्यांनी औषध आणि नवस एकत्र केला. सोमवार आणि शनिवार, निरंकार उपास धरायचा. पहिल्याच सोमवारी दुपारी त्यांना घेरी आली. मग त्यांच्या पुरोहितांनी तोड काढली. शरीर साथ देत नसेल तर आपल्या नावानं दुसरीनं उपास केला तरी चालतो. संकल्प सोडायचा, पुण्य संकल्प करणाऱ्याला.

दुसरी कोण? मी. जात एकच, म्हणून माझा उपास त्यांना चालत होता. एरवी त्यांच्या पंगतीत माझी जागा चुलीपाशी.

"व्याज उपासात वळतं करून घेऊ," बाईसाहेब म्हणाल्या. "तुला काय, बसून राहायचं. हातबी हलवायला नगं."

मी हो म्हटलं. मालकांना विचारलं नाही, सांगितलं. घरात एक तोंड दोन दिवस कमी, वर व्याज नाही. हिशेब सरळ होता. मी हिशेबाची बाई आहे. चौथीपर्यंत शिकले, घरातली प्रत्येक गोष्ट मापून वापरते.

उपासाच्या दिवशी सकाळीच त्यांच्या घरी जायचं. बाईसाहेब माझ्या तळहातावर पळीभर पाणी सोडायच्या, स्वतःचं नाव घ्यायच्या. त्या पाण्यानंतर दिवसभर दुसरं काही नाही. घरी गेले तर खाईन, म्हणून दिवेलागणीपर्यंत तिथंच थांबायचं. बसून मात्र कुणी ठेवलं नाही. जात्याचा खुंटा मी ओढायचे, बाईसाहेब समोर बसून वरून हात ठेवायच्या. झालं त्यांचं दळण. मग स्वयंपाक. पुरणाचा वास, तुपाची फोडणी, तळणीचा धूर. उपास झालाच होता, त्यामुळे बाईसाहेब निर्धास्त जेवायच्या. सोमवारी तर जास्तच.

"आज माझा उपास हाय न्हवं," एकदा ताट पुढं ओढत म्हणाल्या, "वाढ गं, जरा सढळ हातानं."

बोलताना त्या हसल्या नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

माझ्या बांगड्या ढिल्या होऊन कोपरापर्यंत चढायला लागल्या. लुगड्याचा वेढा वाढला. चोळीला मी दोनदा टाके घातले. जिना चढताना कानात सूं व्हायचं. काळजीनं हातातलं भांडं सुटायचं. अशानं घर चालणार नाही, हे मला कळत होतं. मग मी काळज्या दिवसात वाटून टाकल्या. सकाळी मालकांच्या औषधाची. दुपारी पिठाची. संध्याकाळी व्याजाची. एका वेळी एकच. दुसरी आली की तिला म्हणायचं, तुझी वेळ झाली नाही. बऱ्याच अंशी निभावलं. अंथरुणात मात्र सगळ्या मिळून यायच्या.

शेजारणी विचारायच्या, "काय गं, वाळलीस की लय! दुखणं तर न्हाई ना?" मी म्हणायचे, उपास धरलेत. कुणाचे, ते सांगायची लाज वाटायची.

तर अशी मी त्या सोप्यात जीभ काढून उभी होते. त्या दिवशीही सोमवारच. पोटात सकाळच्या पळीभर पाण्यापलीकडं काही नव्हतं.

"आवं बाईसाहेब," मी म्हटलं, "माझ्याकडं बघा तरी. खाल्लेलं अंग असं असतंय का?"

"मग माझं वजन का उतरंना?"

काय सांगणार? तुम्ही जेवता म्हणून? हे त्या घरात कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. देवाला चालतं ते काट्यालाही चालेल, असा त्यांचा पक्का समज. बायकांतही कुणी बोललं नाही. सगळ्यांचं काही ना काही त्या घरात अडकलेलं.

"हिच्यात खोट हाय," नणंद म्हणाली. "उपास मनापासनं करत नसंल."

बाईसाहेबांनी विचार केला. मग शांतपणे म्हणाल्या, "हिची पोरगी हाय की. अकरा वर्सांची. अजून पाप-पुण्य कळत न्हाई तिला, निर्मळ हाय. उद्यापासनं तिलाच ठिवू हितं. उपास तिच्याकडनं करून घिऊ. व्हय गं? व्याजाचं हाय तसंच."

माझी लेक. सकाळी शाळेला जाताना अर्धी भाकरी फडक्यात बांधून नेणारी. दोन्ही हात माझ्या एका हातात मावतील एवढी.

इतका वेळ मी रडेन असं वाटत होतं. ते थांबलं. डोकं एकदम साफ झालं. समोर पितळी परातीत तिळगुळाचे लाडू रचलेले होते. मी पुढं झाले. एक लाडू उचलला आणि तोंडात घातला.

मी सावकाश चावला. तीळ दाताखाली कडकड वाजत होते, तेवढाच आवाज. गिळला. दुसरा उचलला.

"अगं अगं! उपास!" नणंद किंचाळली.

"मोडला," मी म्हटलं. "आता घ्या वास."

बाईसाहेब उठायला गेल्या, दम लागून परत बसल्या. "रांडे, तुला पाप लागंल!"

"मला कसं? पाणी तुमच्या नावानं सोडलंय. पुण्य तुमचं, तर मोडल्याचं पापबी तुमचंच. इचारा पुरोहितास्नी."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. व्याज बुडालं असतं तर एवढ्या घाबरल्या नसत्या. मी तिसरा लाडू पदरात बांधला, लेकीसाठी, आणि त्यांच्या डोळ्यांत बघत पायऱ्या उतरले.

घरी मालक खाटेवर बसले होते. सगळं सांगितलं. ते काठी जमिनीवर घासत राहिले.

"आता कसं गं?"

"घोडा-टांगा इकायचा."

"टांगा? आपल्याकडं हाय काय दुसरं?"

"टांगा इकायचा. पोरगी न्हाई."

ते त्यांच्या जिवावर आलं. महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. अण्णासाहेबांचा माणूस दुसऱ्याच दिवशी दारात आला, गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून गेला. नंतरही आला. टांग्याच्या पैशांतून अर्ध्याच्या वर मुद्दल फिटलं. बाकीसाठी मी दळणं घेतली, पापड लाटले, लग्नघरी राबले. रोख मजुरीवर. जिथं रोख नाही तिथं गेले नाही.

कर्ज अजून आहे. अंग अजून भरलेलं नाही. अण्णासाहेबांच्या घरावरून मी जाते तेव्हा नणंद अजून थुंकते. मी रस्ता बदलत नाही.

बाईसाहेबांनी दुसरी बाई शोधली, हे मला परवा कळलं. आमच्याच गल्लीतली. नवरा लढाईवर गेला तो अजून बेपत्ता, सासऱ्याचं जुनं देणं डोक्यावर. काल ती नळावर दिसली. घागर उचलताना भिंतीला टेकली. मी विचारलं, "सोमवार-शनिवार का?" तिच्या बांगड्या बघून मला उत्तर मिळालं.

उद्या सोमवार आहे. मी उजाडायच्या आत भाकरी थापणार आहे आणि तिच्या दारात जाऊन बसणार आहे. ती खाईपर्यंत उठणार नाही. व्याजाचं काय, असं ती विचारेल. ते दोघी मिळून दळणं करून फेडू, म्हणेन. आणि अण्णासाहेबांचा माणूस तिला न्यायला आला, तर त्याच्याबरोबर मी जाईन. तिच्या जागी नाही. बाईसाहेबांसमोर बसून पोटभर जेवायला. भाकरी माझी मी घेऊन जाईन.