मोतीबाईने आधी घेतलेला घास

चौक गावच्या गजा ड्रायव्हरचा विषमज्वर उतरून आठ दिवस झाले, तरी तो अन्नाला शिवत नव्हता. भेटायला येणारा जो तो आजाऱ्यासाठी म्हणून पाव आणी, आणि मोतीबाई तो दुधात कुस्करून नवऱ्यापुढे धरी. गजा तोंड फिरवी. डॉक्टर म्हणाले, "काहीही द्या, पण पोटात जाऊ द्या. नाहीतर हा माणूस हाती लागायचा नाही." सांगायला काय जातं? भरवायचं बाईने. नवस बोलून झाले होते, भाकरी ओवाळून टाकून झाली होती. मोतीबाईने अगदी हात टेकले होते.

मग तिला सँडविच आठवलं. ट्रक घेऊन मुंबईला गेला की गजा मस्जिद बंदरला ते खाई. पावाच्या दोन कापांत हिरवी चटणी, बटाटा, काकडी, आणि साच्यात दाबून निखाऱ्यावर भाजलेलं. घरी येऊन तो इतकं वर्णन करी, की ती चिडून म्हणे, "मंग ऱ्हावा तितंच."

ती तडक हारूनच्या गॅरेजात गेली. हारून गजाच्या ट्रकचा मिस्त्री. त्याने पत्र्याचे दोन चौकोन ठोकले, बिजागरी लावली, लांब दांडे जोडले आणि म्हणाला, "भाभी, गजाला खाऊ घाला फक्त."

पहिल्या सँडविचचा कोळसा झाला. दुसऱ्यातला बटाटा चुलीत सांडला. तिसरं मात्र तांबूस, खरपूस उतरलं. ते ताटलीत घेऊन ती नवऱ्याच्या उशाशी बसली.

गजाने ताटलीकडे पाहिलं. "शेवटची इच्छा पुरवतीस व्हय गं?" एवढं बोलून त्याने डोळे मिटले.

मोतीबाईच्या पायाखालची जमीन सरकली. गावाची रीतच होती ती. माणूस जायला लागला की त्याच्या आवडीचं करून घालायचं, वासना मागे राहू नये म्हणून. सासूला शेवटच्या दिवशी जिलेबी तिनेच तर भरवली होती. मग तो असाच अर्थ काढील, हे आधी कसं सुचलं नाही? आता शपथा घेतल्या तरी त्याला पटणार नव्हतं.

तिने ते सँडविच उचललं आणि स्वतःच चावा घेतला. सतरा वर्षांत ती नवऱ्याआधी कधी जेवली नव्हती. आणि जाणाऱ्याच्या घासाला घरचं माणूस तोंड लावत नाही, हे गजालाही ठाऊक होतं. ती चावत राहिली.

"मला भूक लागलीय," ती म्हणाली. "मी खानार. तुमाला उरलं तर उरलं."

गजाने डोळे उघडले. काडी झालेला हात हळूहळू पुढे आला. बायकोचं उष्टं त्याने तोंडात घातलं आणि बराच वेळ चावलं.

"चटणीत मीठ नाय," तो म्हणाला.

नवऱ्याने खोड काढली म्हणून कुठली बाई इतकी रडली नसेल. मोतीबाई मीठ आणायला उठली, पण तिला समोरचा डबाच दिसेना.