रोख द्यावी का आहेर

शाळेत होतो तोवर किस्से घंटेबरोबर संपायचे. पुढचा तास आला की मागचं विसरायचं. आता आम्हाला घंटाच राहिली नाही! रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला लिंबाखाली आम्ही रिटायर मंडळी बसतो आणि त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा निघतात. घरचे म्हणतात, बाई, पुरे करा आता. पण त्या जहाजाच्या सहलीचं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण त्यात नुसतं हसू नाही.

आम्ही म्हणजे गणिताचे देशमुख सर, विज्ञानाचे शेख सर, ऑफिसातले काळे आणि मराठी शिकवणारी मी. देशमुखवहिनी शाळेत नव्हत्या, पण सगळ्या स्टाफनं त्यांच्या हातचं खाल्लंय, म्हणून त्याही आमच्यातल्याच.

काळ्यांच्या पुतण्यानं मुंबईहून निघणाऱ्या क्रूझची तिकिटं काढून दिली. जाता जाता तो म्हणाला, "काका, शेवटच्या दिवशी रूमवाल्या पोराला टिप द्यायची बरं का. तसा रिवाज असतो."

झालं! परभणीत बसून आम्ही आठवडाभर त्यावरच भांडलो.

शेख सर म्हणाले, "बक्षिशी म्हंजे खुशीची चीज. रोख द्या. त्याला लागंल ते तो घेईल."

काळे म्हणाले, "रोख खर्चून जाते हो. वस्तू दिली तर आठवण ऱ्हाती."

वहिनींना तर प्रश्नच पडला नाही. "आपल्यात काय देतात? टावेल-टोपी. त्यात इच्चार कशाचा करायचा?"

देशमुख सर इतका वेळ गप्प होते. ते एकदम म्हणाले, "काहीच देऊ नका. देणाऱ्याचा हात वर असतो अन् घेणाऱ्याचा खाली. कशाला कोणाच्या लेकराचा हात खाली करायलाव?"

तो विषय तिथंच थांबला. काळ्यांनी उगाच चहा मागवला.

*

का थांबला, ते सांगते. सरांचा गजानन परदेशी जहाजावर आहे. सर पेडगावचे. गावात सांगताना ते म्हणायचे, "पोरगा मर्चंट नेव्हीत हाय." गावाला वाटायचं, पोरगा पांढऱ्या ड्रेसमध्ये जहाज हाकतो. पोरगा जहाजावर प्रवाशांच्या खोल्या आवरायचा. गाद्या घालायचा, बाथरूम धुवायचा.

सरांना ते कळलं तेव्हापासून त्यांनी लेकाशी धड बोलणंच टाकलं. फोन आला की "हं. आईला देतो," एवढंच. पोरगा मात्र फोन करायचा चुकला नाही. वहिनी पदर तोंडाला लावून त्याच्याशी बोलायच्या आणि सर मुद्दाम अंगणात जाऊन झाडांना पाणी घालायचे. एकदा मीच तोंडावर म्हणाले, "सर, चोरी केली का हो त्यानं?" तर माझ्याशीही चार दिवस अबोला!

आता त्याच्या लग्नाचं बघायचं चाललं होतं. मुलीकडचे विचारणार, मुलगा काय करतो? सर काय सांगणार, या धास्तीनं वहिनींची झोप उडाली होती. सरांनी खोटं सांगितलं असतं तर गजानन त्या घरात खाली मान घालून राहिला असता, आणि खरं सांगायला सरांची जीभ वळत नव्हती. ही सहल काढली तीच मुळी वहिनींच्या हट्टानं. "एकदा बघा तर खरं, पोरगं कसल्या जहाजावर ऱ्हातंय ते," म्हणाल्या.

*

जहाजावर आमच्या खोल्या आवरायला बिक्रम नावाचा पोरगा होता, दार्जिलिंगकडचा. गोरापान, हसरा, हिंदी गोड.

आपल्याकडं आहेर आधी करतात, शेवटी नाही! वहिनींनी पहिल्याच दुपारी त्याला दारात उभं केलं, कुंकू लावलं आणि हातात टॉवेल-टोपी ठेवली. पोरगं गोंधळलं, पण हात जोडून घेऊन गेलं.

संध्याकाळी खोलीत येऊन बघतो तर काय! पलंगावर टॉवेलचा हत्ती. सोंड वर केलेली, आणि डोक्यावर आपली पांढरी टोपी!

वहिनी मटकन खाली बसल्या. "अगं बाई! आहेर वापस केला की वो त्यानं! काय चुकलं आपलं?"

आमच्याकडं आहेर परत येणं म्हणजे संबंध तुटले. वहिनींच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. शेवटी शेख सर बिक्रमला शोधून घेऊन आले. पोरगं घाबरून गेलं होतं. "मैडम, सब गेस्ट लोग टॉवेल का जानवर मांगते हैं. मुझे लगा आपने अपना टॉवेल इसीलिए दिया!"

"अरे बेटा, ये तेरा है," वहिनी म्हणाल्या. "तेरे घर के लिए."

त्यानं हत्ती उलगडला, टॉवेलची नीट घडी घातली आणि छातीशी धरून उभा राहिला. मग वहिनी हसल्या, तेव्हा कुठं तोही हसला.

*

काळे म्हणाले, "बघा, म्हणून मी म्हणतो, वस्तूत घोटाळा होतो." इतके दिवस वस्तू वस्तू करणारा माणूस! रातोरात रोखवाला झाला.

त्यांनी सकाळी उशीखाली नोट ठेवली. जेवून आले तर नोट टेबलावर, पेल्याखाली दाबून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उशीखाली ठेवली, पुन्हा पेल्याखाली!

काळे तणतणत माझ्याकडं आले. "बाई, ह्यानं काय आरंभलंय? कमी वाटायलेत का त्याला?"

मी बिक्रमला विचारलं. तो म्हणाला, "मैडम, साब रोज पैसे भूल जाते हैं. उमर हो गई है ना."

शेख सर हसून हसून भिंतीला टेकले. काळ्यांना मात्र ते उमरचं लय लागलं.

*

तिसरा किस्सा हसण्यातला नाही. वहिनींनी तो मला डेकवर बसून सांगितला.

देशमुख सर पहाटे उठून स्वतःची गादी स्वतः घालायला लागले. बाथरूम घासून पुसून कोरडं करायचे. वहिनी म्हणाल्या, "अवो, हे काय करायलाव?" तर म्हणे, "माझी घाण मी काढतो. दुसऱ्याच्या पोरानं कशाला काढायची?"

बिक्रम आला, त्यानं आवरलेली खोली बघितली आणि त्याचा चेहराच पडला. "साब, मेरी कुछ कंप्लेंट है क्या? मेरा काम अच्छा नहीं लगा?"

सरांना हे अपेक्षितच नव्हतं. त्यांना वाटलं होतं पोरगं कामातून सुटलं म्हणून खूश होईल. वर्गात कधी चुकलेलं गणित कबूल न करणारा माणूस, पण "नहीं बाबा, नहीं," म्हणत त्यांनी स्वतः घातलेली चादर ओढून काढली. मग खुर्चीवर बसून तो चादर कशी घालतो ते बघत राहिले.

थोड्या वेळानं विचारलं, "घर में कौन है?"

"माँ और पिताजी, साब."

"पिताजी को मालूम है, तू ये काम करता है?"

"हाँ साब. रोज एक कमरे का फोटो भेजता हूँ."

"क्या बोलते हैं?"

बिक्रम चादरीची चुणी हातानं सारखी करत हसला. "बोलते हैं, बेटा, कोने में सिलवट रह गई है."

सर उठून बाथरूममध्ये गेले. बराच वेळ नळ चालू होता, असं वहिनी म्हणाल्या. आणि मला म्हणाल्या, "बाई, मी दार वाजवलं न्हाई."

*

उतरायच्या दिवशी ज्याला जे पटलं ते त्यानं दिलं. शेख सरांनी रोख दिली, हातात हात घेऊन. काळ्यांनीही या वेळी नोट हातातच दिली आणि वर बजावलं, "भूला नहीं हूँ!" मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली. वहिनींनी पाकीट दिलं, वर रुपया ठेवून, शकुनाचा. देशमुख सरांनी काहीच दिलं नाही. बॅग उचलली आणि चालू लागले.

परतीच्या गाडीत काळ्यांनी टोचलंच, "सर, तुमचा हात खिशाकडं गेलाच न्हाई की!"

सर खवळले. "माझं काय ते मी बघीन!" परभणी येईपर्यंत पेपर तोंडासमोर धरून बसले. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू? एवढं बघून आला, तरी हा माणूस दगड तो दगडच, असं मी मनात म्हटलं.

*

आणि मग गजानन सुट्टीवर आला. बोरीला मुलगी बघायला गेलो. वहिनींना आधार म्हणून मीही गेले. मुलीचं नाव पूजा, नर्सिंग शिकलेली, जिंतूरच्या एका दवाखान्यात कामाला. पाहुणचार झकास. वरबाप म्हणून सरांना खिडकीपाशी गादी घातलेली खुर्ची दिली होती. गजानन भिंतीकडं, दाराच्या आड साध्या खुर्चीवर. बाहेर ऊन, पंखा नुसता नावाला.

पोहे झाले. मुलीच्या वडलांनी विचारलं, "मुलगा जहाजावर हाय म्हंता. काय काम असतं?"

वहिनींनी माझा हात घट्ट धरला. गजानन खाली बघत होता.

सर म्हणाले, "खोल्या झाडतो. लोकांच्या गाद्या घालतो, संडास-बाथरूम धुतो. तेच काम हाय. तुमाला चालत असंल तर पुढचं बोलू."

गजाननानं झटकन वर बघितलं. मुलीचे चुलते एकमेकांकडं बघायला लागले. कोणीतरी खाकरलं. मला वाटलं, संपलं, उठायचं आता.

चहा देऊन झालेला रिकामा ट्रे घेऊन पूजा तिथंच उभी होती. तिनं सरळ गजाननलाच विचारलं, "आमचे पेशंट सुट्टी झाली की पेढे देतात. तुमचे लोक जाताना काय देतात? रोख का वस्तू?"

आठवडाभर परभणीत भांडलो आम्ही! रोख का वस्तू, वस्तू का रोख. आणि आमच्यातल्या एकालाही या पोराला फोन करून विचारावं असं सुचलं नव्हतं.

गजानन म्हणाला, "काही बी देतात. पण रोख बरी पडती. वस्तू ठेवायला जागा नसती. आमी चौघं ऱ्हातो एका खोलीत, एकावर एक पलंग. पाण्याच्या लेव्हलच्या खाली हाय ती."

सरांनी कप खाली ठेवला. कितीतरी दिवसांनी त्यांनी लेकाला काहीतरी विचारलं.

"खिडकी हाय का रे तिथं?"

"न्हाई, अण्णा."

सर उठले. सगळ्या पाहुण्यांच्या देखत त्यांनी गजाननच्या दंडाला धरून त्याला उठवलं, खिडकीपाशी आणलं, आपल्या खुर्चीवर बसवलं, आणि स्वतः जाऊन दाराआडच्या खुर्चीवर बसले.