उंदरांना न होणारी कावीळ

नव्वदच्या दशकात एका लॅबमध्ये मला पगार मिळायचा तो उंदरांना आजारी पाडण्याचा, आणि ते मेले आजारी पडत नव्हते. हेपटायटिस सी झालेल्या पेशंटच्या रक्तातलं सीरम त्यांना टोचायचं, मग शेपटीतून थेंबभर रक्त काढून लिव्हर बिघडलंय का बघायचं. दर वेळी रिपोर्ट नॉर्मल. हा व्हायरस धरतो माणसाला आणि चिंपांझीला. उंदराच्या पेशी त्याला सोसायटीच्या वॉचमनसारख्या गेटवरूनच परत पाठवत, आणि चिंपांझी आम्हाला कोण देणार? सर म्हणायचे, "एकदा लागण होऊ दे, मग औषधं तपासता येतील." आम्ही उंदरांची जात बदलली, वय बदललं, डोस वाढवला. उंदीर खाऊन-पिऊन गुबगुबीत.

मला घाई होती, कारण हाच व्हायरस आमच्या घरात होता. ऐंशीचं दशक संपता संपता दादाला अपघात झाला आणि रक्त चढवावं लागलं. तेव्हा रक्तातला हा व्हायरस शोधायची टेस्टच नव्हती. पुढे ती आल्यावर मीच त्याच्या मागे लागून तपासणी करवली. डॉक्टरांनी बजावलं, दारू पूर्ण बंद आणि नियमित तपासणी. दादा मात्र ऑफिसातून सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या घरी आला की पेग भरायचाच.

घोळ झाला तो एका शब्दाने. घरच्यांना पटकन कळावं म्हणून डॉक्टर म्हणाले होते, "सी टाइपची कावीळ आहे." आता कावीळ म्हटलं की आपल्याला पिवळं दिसायला हवं. दादा आरशासमोर खालची पापणी ओढून मला बोलवायचा.

"बघ. पिवळे आहेत डोळे? नाहीत ना? मग कसली कावीळ घेऊन बसलीयस?"

हा आजार वर्षानुवर्षं पिवळा दिसत नाही, आतल्या आत लिव्हर खात राहतो, हे मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. आईने माझं ऐकून घेतलं आणि ती दादाला जवळच्या मोरवा गावात घेऊन गेली. तिथे एक म्हातारी कावीळ उतरवायची. ती तळहातांना चुन्याचं पाणी चोळायची. कावीळ असली की ते पाणी पिवळं होतं, अशी सगळ्यांची खात्री. दादाच्या हातांवरून पाणी पांढरंच गळलं.

"पानी पिवला न्हाय झाला. पोराला कावीळ न्हाय हाय," असं सांगून तिने आईने नेलेला नारळसुद्धा परत केला. आई घरी आली ती पेढे घेऊन.

"आणि तुझे उंदीर काय म्हणतायत?" पेढा तोंडात टाकत दादाने विचारलं.

"काही नाही झालं त्यांना," मी म्हणाले.

"घ्या! ज्याला एक उंदीर लोळवता येत नाही, तो मला काय करतोय?"

आई खळखळून हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, तो माणसालाच धरतो! उंदरांना काही होत नाही म्हणूनच तर तुझ्यासाठी धड औषध सापडत नाहीये!"

"चिडू नको गं," दादा म्हणाला, आणि फ्रिजमधून बर्फ काढायला उठला.

त्यानंतर पिंजऱ्यापाशी उभी राहिले की मला त्या उंदरांचा खरंच द्वेष वाटायचा. एकाने जरी मान टाकली असती तर मी त्याचा रिपोर्ट दादाच्या नाकासमोर नाचवला असता. शेवटी सरांनी तो प्रोजेक्ट गुंडाळला आणि मला दुसऱ्या कामावर घेतलं. घरी माझं बोलणं म्हणजे रोजची कटकट झाली होती.

दशक संपत आलं तसं दादाचं पोट वाढायला लागलं. सुखाचं पोट आहे, असं आई अमराठी शेजारणींना हिंदीत समजावून सांगायची. त्याचे पाय सुजले, ते उन्हाने. जेवण जाईना, ते हॉटेलच्या खाण्याने. मी हॉस्पिटलचं नाव काढलं की तो विषय बदलायचा.

मग एका रविवारी सकाळी मी पोहे करत असताना आई लगबगीने स्वयंपाकघरात आली. इतकी मोकळी मी तिला कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

"अगं, डोळे पिवळे झालेत त्याचे," ती म्हणाली. "झाली बाई कावीळ एकदाची. आता उतरवता येईल."

मी गॅस बंद केला. डोळे पिवळे होतात तेव्हा लिव्हर किती उरलेलं असतं, हे त्या घरात मला एकटीलाच माहीत होतं.