वडिलांचीच सही

माझ्या गोष्टीतल्या जादूच्या निवासी शाळेत मुलं मनात येईल तेव्हा सहलीला उडतात. परवा संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "पालकांच्या परवानगीचा काहीतरी नियम घाला ना, गंमत येईल." गंमत! मी फोन ठेवला आणि बराच वेळ धुमसत बसले.

मी बारामतीजवळच्या निवासी शाळेत सातवीत होते. त्या वर्षी उजनी धरणाचं पाणी लवकर उतरलं, पळसदेवचं पाण्याखालचं जुनं देऊळ उघडं पडलं आणि सहल तिथंच ठरली. पळसदेव माझं आजोळ. वडिलांनी दुसरा संसार थाटल्यापासून आई तिथं मामाकडे राहायची. दिवाळीनंतर मी तिला पाहिलंसुद्धा नव्हतं.

परवानगीच्या कागदावर आईने स्वतः सही केलीच नाही. बाईच्या सहीला कोण विचारतंय, म्हणून तिने मामाची घेतली. मुख्याध्यापकांनी आडनाव बघून कागद परत केला. मग बिचारी एसटीने स्वतः आली.

"सर, मी आई हाय की तिची. माजी सही घ्या."

"वडील हयात आहेत ना?"

"हायती. काटेवाडीला."

"मग त्यांचीच लागेल. ते नसते तर तुमची चालली असती."

वर त्याच दमात त्यांनी विचारलं, "तुम्ही पळसदेवच्याच ना? मुलींच्या जेवणाचं बघाल का?" आई लगेच "व्हय" म्हणाली. तिला वाटलं, आता तरी साहेब विरघळतील.

मी शिपाईमामांच्या मोबाइलवरून वडिलांना फोन केला. "बघतो," म्हणाले. काटेवाडी अशी कितीशी लांब! पण ते फिरकले नाहीत. हा माणूस मेला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा स्वच्छ वाटलं. आजही त्याची लाज वाटत नाही.

गाडी मला सोडून गेली. दिवसभर मी वसतिगृहात पडून होते. संध्याकाळी मुली परतल्या त्या पिठलं-भाकरीचं कौतुक करतच. सणसरची माझी मैत्रीण तेवढी माझ्या खाटेवर येऊन बसली. मी फार खोदून विचारल्यावर ती म्हणाली,

"आमी समद्या उतरलो, तरी तुजी आई गाडीत चढली. पार मागच्या शिटापतूर बघून आली. मग खाली येऊन आमाला वाढाय लागली."