भाऊबीजेचा टिळा
आज नंदुरबारला उतरले आणि मिरचीच्या खकाण्यानं ठसका लागला, तशी ती भाऊबीज आठवली. आई मिरची खुडणाऱ्या बायांसाठी भांडायची, आणि ज्या मैदानात मिरची वाळायची ती पथारी होती तिच्याच सख्ख्या भावाची. बायांना सावली आणि हातांना लावायला तेल दे, एवढंच तिचं मागणं. मामा हसून विषय बदलायचे. त्या दिवशी ती सकाळपासून बायांमध्ये बसून देठ खुडत होती. संध्याकाळी साबणानं हात धुऊन थेट मामांकडे ओवाळायला आली. बोटानं कुंकू लावलं आणि मामांच्या कपाळाची आग आग झाली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आई घाबरली. "मी हात धुईसन उनू रे भाऊ," म्हणाली, मग हळूच, "त्या बाया याच हाते लेकरेसले जेवाडतस." मामी तूप घेऊन धावली. मामांनी तिला थांबवलं, "ऱ्हाऊ दे." टिळा तसाच ठेवून ते जेवले. आठवडाभरात पथारीवर पत्र्याची शेड उभी राहिली, खोबरेलाचा डबा आला. यंदा आई नाही. आज भाऊबीज, म्हणून मामांकडे गेले, तर ते घरी नव्हते. पथारीवर सापडले, खुडणाऱ्या एका म्हातारीपुढे बसलेले. ती हात धुवायला उठत होती. कपाळ पुढे करून मामा म्हणाले, "नको धवू माय, तसंच लाव."