शेवटी बत्तीस उरवावेत

धाटावला पहिली शिफ्ट संपवून कंपनीच्या बसमध्ये चढत होतो, तेवढ्यात जोह्याहून ताईचा फोन आला. "तुझे भावोजी नाय राहिले रे," एवढंच ती म्हणाली. सकाळी अंगणात खुर्चीत बसले होते, तिथेच छातीत कळ आली आणि संपलं. त्याला आता सहा आठवडे होतील. भेटेल तो त्यांच्याबद्दल चांगलं बोलतो, मी मान हलवतो, आणि मला माझीच लाज वाटते.

वामनभावोजी गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करत. मूर्ती दहा जणांच्या हातांतून जायची, पण डोळे फक्त त्यांचे. आमच्या कंपनीने कँटीनशेजारच्या खोलीतला जुना डार्टबोर्ड भंगारात काढला, तो मी रोह्याहून गाडीने पेणला आणि तिथून एसटीने जोह्याला नेला. कारखान्याच्या पडवीत तो टांगताना मधला ठिपका जमिनीपासून पाच फूट आठ इंचांवर आणि उभं राहायची रेघ पावणेआठ फुटांवर, हे त्यांनी टेप लावून दोनदा मोजलं. त्या ठिपक्याला कंपनीत आम्ही बुल म्हणायचो. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव बुबुळ करून टाकलं. मी शिकवलेले खेळ महिन्याभरात तेच मला शिकवायला लागले. घड्याळ नावाच्या खेळात बोर्डावरचे एकपासून वीसपर्यंत आकडे क्रमाने घ्यायचे. किलरमध्ये आधी डाव्या हाताने बाण फेकायचा, लागेल तो आपला आकडा; मग त्याची दुहेरी, म्हणजे कडेची दुप्पट गुणांची अरुंद पट्टी मारली की आपण किलर, आणि दुसऱ्यांच्या दुहेरीवर नेम धरून त्यांचे तीन जीव घ्यायचे. पण भावोजींचं खरं प्रेम पाचशे एकवर. एका खेपेला तीन बाण, पडतील तेवढे गुण वजा, आणि शेवटचा बाण दुहेरीत मारून बरोबर शून्य करायचा. जास्त लागले तर ती खेप फुकट. मी तिथेच दर वेळी घसरायचो.

"शेवटाला बत्तीस उरव," ते म्हणायचे. "सोळाची दुहेरी मार. चुकून एकेरी लागला तर सोळा उरतील, मग आठची दुहेरी. परत तसाच चुकला तर चारची. चुकणाऱ्याला जागा ठेवणारा आकडा हाय तो."

नऊ वर्षांत पाचशे एकमध्ये मी त्यांना एकदाही हरवलं नव्हतं. मग दोन वर्षांपूर्वी भावोजी वीसचा नेम सोडून डावीकडे चौदावर मारायला लागले. वीसच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला पाच, हात जरा हलला की पदरात काही नाही. चौदाच्या शेजारी नऊ आणि अकरा, चुकलं तरी निभावतं. नवखे तिथे मारतात. पुढे किलर खेळताना त्यांचा डावा हात उजव्यापेक्षा सरळ पडायला लागला, तेव्हा मला कळलं... उजव्या हाताला कंप सुटला होता. ताईलाही त्यांनी सांगितलं नव्हतं. ब्रश धरताना ते मनगट डाव्या हाताने दाबून धरत, हे मी पाहिलं होतं. मी विचारायला हवं होतं, पेणला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. त्याऐवजी मी दर रविवारी न चुकता जोह्याला जायला लागलो, कारण आता माझी जिंकायची वेळ आली होती.

आणि एका रविवारी जिंकलो. बत्तीस उरवले, एकदा चुकलो, आठच्या दुहेरीवर खेळ संपवला. कारखान्याचे शेठ पडवीत चहा पीत उभे होते. मला इतका चेव आला होता की मी त्यांना मोठ्याने म्हणालो, "शेठ, भावोजींचा हात थरथरतो आता. बघा, आपण जिंकलो." शेठ हसले नाहीत. ते भावोजींच्या हाताकडे बघत राहिले. भावोजींनी बोर्डातले बाण एकेक करून काढले, डबीत ठेवले आणि म्हणाले, "हरलो रे." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात आखणी दुसऱ्या कारागिराकडे गेली आणि भावोजींना मूर्ती घासायला बसवलं. त्या वर्षी कारखान्यातून भरून गेलेल्या एकाही गणपतीला त्यांचा डोळा नव्हता. पंधरवड्याने त्यांनी कामावर जाणंच सोडलं. अंगणातली ती खुर्ची तेव्हापासूनची.

तेराव्याला सगळे पांगल्यावर ताई माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "तू तो बोर्ड आणलास, त्यांचे दिवस बरे गेले रे. हाताचं शेठच्या कानावर कुनी घातलं तेवढं मात्र मला नाय कळलं." मी पाणी प्यायला उठलो आणि तसाच एसटी पकडून निघून आलो.

ताई या पेपरची रविवारची पुरवणी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. तिच्यासमोर बसून बोलायची हिंमत सहा आठवड्यांत मला झाली नाही, म्हणून इथे लिहितोय. ताई, शेठना मी सांगितलं. एक डाव जिंकलो होतो म्हणून.