व्हिडिओच्या आधी ओतलेला चहा

आठवीत शैलाने कोपर मारून माझा ओठ फोडला होता.

नागपूरची आमची कॉन्व्हेंट शाळा, थंडीतली सकाळ, असेंब्लीच्या आधीची बास्केटबॉलची प्रॅक्टिस. सिस्टरनी शिट्टी वाजवली नाही. त्यांनी पाहिलंच नव्हतं.

शैला थांबली आणि तिने स्वतःहून हात वर केला. फाऊल करणाऱ्याने हात वर करायचा, असा तेव्हा नियम होता. मग नळावर तिने आपला रुमाल भिजवून माझ्या ओठाला लावला आणि वर मलाच म्हणाली, "तू मध्ये कशाला आलीस?"

आज पहाटे शैला गेली.

इथे मँचेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये, झोपेत. आजार जुना होता. गेल्या वर्षी ती पडली त्याच्याशी याचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. हे आधीच लिहिते, कारण सकाळपासून तेच विचारणारे मेसेज येतायत.

मंडळातल्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ती फक्त त्या मारामारीच्या व्हिडिओतली आजी म्हणून माहीत आहे.

म्हणून नीट सांगते. मी तिच्या शेजारच्या सीटवर होते.

इथल्या प्रोफेशनल टीमच्या मॅचना आम्ही दोघी वर्षानुवर्षं जायचो. बास्केटच्या मागची पहिली रांग. शैलाच्या पलीकडे कीथ, रिटायर्ड बस ड्रायव्हर. हाफटाइमला तो तिच्या चिवड्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खायचा आणि ती त्याच्या हातावर चापट मारायची. "सॉरी, लव्ह," म्हणून पुन्हा डब्यात हात.

मार्कस आमच्या टीमचा अमेरिकन खेळाडू. दिवाळीला शैलाकडे जेवायला यायचा, तिला "मिस शैला" म्हणायचा. मग तो दुसऱ्या टीमकडे गेला. त्या दिवशी तो आमच्याविरुद्ध खेळायला आला होता.

त्याची आई नुकतीच गेली होती. शैलाला त्याने फोनवर सांगितलं होतं. कीथला ते माहीत नव्हतं.

मार्कस फ्री थ्रोसाठी उभा राहिला तेव्हा कीथ ओरडला, जा, आईकडे जाऊन रड.

असलं काहीतरी तो प्रत्येक मॅचला कोणाला तरी ओरडायचा. आम्ही हसायचोसुद्धा.

मार्कसचा थ्रो चुकला. तो बॉलकडे न बघता कीथकडे बघत राहिला.

शैलाने फ्लास्कच्या झाकणातला चहा कीथच्या मांडीवर ओतला. घाई न करता, सगळा.

कीथ दचकून उठला. त्याचा हात तिला लागला आणि ती खुर्च्यांच्या मधे पडली. मार्कसला ती पडताना दिसली. तो जाहिरातीच्या बोर्डावरून उडी मारून आमच्यात आला, तिला उचलायला.

मागच्या रांगेतल्यांना वाटलं, हा मारायला आला. कोणीतरी त्याच्या कानशिलावर ठोसा मारला.

त्यानेही मारला.

मग दोन्ही टीमचे खेळाडू धावले, वरच्या रांगांमधले लोक खाली उतरले. बाटल्या उडत होत्या, लहान मुलं रडत होती. मी शैलावर ओणवी झाले होते आणि माझ्या पाठीवर कोणाकोणाचे बूट लागत होते.

व्हिडिओ इथून सुरू होतो. धिप्पाड काळा खेळाडू आणि खाली पडलेली आपली आजी.

आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवरही तो "आपल्या शैलाताईंवर हल्ला" म्हणून फिरला. त्याखाली मार्कसबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मी इथे पुन्हा लिहीत नाही.

शैला मनगटाला प्लास्टर घेऊन लीगच्या चौकशीला गेली. सुरुवात मी केली, तिने सांगितलं, तो मला उचलायला आला होता. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, तुम्हाला शॉक बसलाय म्हणाले. मीही तेच सांगितलं, तर मैत्रिणीची बाजू घेतेय असं धरलं गेलं.

मार्कसने ठोसे मारले होते, हे खोटं नव्हतंच. त्याच्यावर बंदी आली. कॉन्ट्रॅक्ट गेलं, त्याच्यामागे व्हिसा. तो परत गेला.

कीथ एकदा शैलाच्या दाराशी आला. मला माहीत नव्हतं, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. तिने त्याला आत घेतलं, बसवलं. चहा मात्र विचारला नाही.

शेवटच्या आठवड्यात ती मला म्हणाली, "मंदे, मी तो चहा ओतला नसता तर मार्कस आज खेळत असता का गं?"

मी म्हटलं, कीथने तोंड उघडलं नसतं तर खेळत असता.

"ते कीथचं. मी माझं विचारतेय."

 

शैले, नीट जा.

तिने मला सांगून ठेवलेलं इथेच लिहिते, म्हणजे तिच्या मुलांना दहा जणांशी बोलायला नको.

देव सुनेकडे. तिला नको असतील तर कोणी आग्रह करायचा नाही.

मार्कसची आई त्या उन्हाळ्यात इकडे येणार होती. तिच्यासाठी शैलाने एक शाल घेऊन ठेवली होती, ती अजून पिशवीतच आहे. ती मार्कसला. पत्ता माझ्याकडे आहे, मी पाठवते.

खिडकीतली मिरचीची रोपं कीथला. पोस्टाने किंवा कुरियरने पाठवायची नाहीत, हातात द्यायची. शुक्रवारी फ्युनरलला तो येणार आहे. त्याला माझ्या शेजारी बसवा.

आणि मंडळातल्या तुम्हा सगळ्यांसाठी तिने एवढंच ठेवलंय: पहिला फाऊल तिचा होता.

व्हिडिओ जिथे टाकला होतात, तिथेच हेही टाका.